पाटीवरचे वॉट

विल्यांडीत जानेवारीतले सकाळचे आठ म्हणजे
रात्रच, फक्त पगारी.
मारेटने हिशेबाचं पान माझ्यापुढे सरकवलं.
एक रकाना रिकामा: सर्व्हर रूम, वर्षाची युनिटं.
"अंदाजे लिही," ती म्हणाली,
"पण अंदाज बरोबर हवा."

जिन्याखालची कोठी ती.
पूर्वी इथे बियाण्यांची पोती असत,
अजूनही एखाद्या दमट दिवशी शहाजिऱ्याचा वास येतो.
आत शिरलं की आधी चष्म्यावर वाफ धरते.
तो पुसला, गुडघ्यांवर बसलो,
आणि एकेका डब्याच्या पाठीवरची पाटी वाचत गेलो:
सातशे पन्नास, सातशे पन्नास, अकराशे...
सगळ्यांची बेरीज चार हजार तीनशे.
पण पाटीवरचा आकडा म्हणजे
पंगतीला बसण्याआधीची बढाई.
वीस खाईन म्हणतो, सातव्यालाच पाणी मागतो.

म्हणून वायरीला चिमटा-मीटर लावला,
आठवडाभर, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद.
रविवारी पहाटेसुद्धा काटा फारसा उतरेना.
ऑफिस झोपतं. ही खोली
नुसती कूस बदलते.

सरासरी अठराशे.
खोली गार ठेवायचं यंत्र वेगळं, सहाशे.
बाहेर उणे चौदा,
आणि आत आम्ही वीज जाळून ऊब करतो,
वीज जाळून ती हाकलतो,
मग जिन्यात हीटर लावतो.
हे मी मारेटला सांगितलं नाही.
तिला दशांश आवडतात, विनोद नाही.

दोन हजार चारशे गुणिले चोवीस, भागिले हजार:
दिवसाला सत्तावन्न पूर्णांक सहा.
गुणिले तीनशे पासष्ट:
एकवीस हजार चोवीस.
दोनदा केलं. दुसऱ्यांदा हातानं,
डिझेलच्या पावतीमागे, हातचे घेत घेत.
माझं घर, सौनासकट,
एवढं चार वर्षांत खातं.

सगळ्यात खाली एक डबा होता, बिननावाचा.
त्यावर चिकटपट्टी, त्यावर पेनानं:
बंद करू नये. युलो.
युलोला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
फोन लावला. तो तळ्यावर होता,
बर्फाला भोक पाडून मासे धरत; वारा ऐकू येत होता.
"अजून चालू आहे?" म्हणाला,
जुन्या सोबत्याची खुशाली विचारावी तसा.
कशासाठी होता तो?
वारा. बराच वेळ वारा.
"आठवत नाही. पण तेव्हा कारण होतं."

एकशे पन्नास वॉट.
वर्षाला तेराशे चौदा युनिटं,
कुणालाही न आठवणाऱ्या कारणाची.

मंगळवारी चार वाजता मी तो बंद केला
आणि कोण ओरडतं याची वाट पाहिली.
कुणी नाही.
बुधवारी कुणी नाही.
गुरुवारी सफाईवाली रईसा आली, हातात ओले हातमोजे.
"हा का गार पडलाय?"
नऊ हिवाळे ती त्याच्या पाठीवर मोजे वाळवत होती.
हाच त्याचा एकमेव वापर, आणि तो कुठल्याही यादीत नव्हता.
मी शेजारचा यूपीएस दाखवला.
तवा तापलाय का बघावा तसा तिनं त्यावर तळहात धरला.
"जमेल," म्हणाली. खास खूश नव्हती.

रकान्यात लिहिलं: एकोणीस हजार सातशे दहा.
मारेटनं आकड्याखाली रेघ मारली,
पट्टी लावून.

शुक्रवारी मीटर काढला, हत्यारं भरली,
दार ओढून घेताना वर पाहिलं.
ट्यूबलाइट.
आठवडाभर माझ्याच डोक्यावर,
वेगळ्या वायरीवर, छत्तीस वॉट,
कुणी कधी लावली कोण जाणे.
बटण रॅकच्या मागे. आता कोपरापर्यंत हात घालून
चाचपडतोय, बोटं पोचत नाहीत,
आणि मनात
गुणाकार सुरू झालाय.